बोटीवरची शाकारणी: जुन्या शिडाच्या जहाजावर स्वयंसेवक म्हणून काम करायचं तर

जहाज वादळात बुडतं, असं आपण गोष्टींत वाचतो. संग्रहालयाच्या धक्क्याला बांधलेलं जहाज वादळाने जात नाही. ते जातं पावसाच्या पाण्याने, थेंबाथेंबाने, कुणाचं लक्ष नसताना.

अमेरिकेत सॅन डिएगोच्या सागरी संग्रहालयात 'स्टार ऑफ इंडिया' नावाचं लोखंडी कवचाचं, शिडांचं जहाज आहे. १४ नोव्हेंबर १८६३ रोजी आयल ऑफ मॅनवरच्या रॅम्झी गावी ते पाण्यात उतरलं, तेव्हा त्याचं नाव 'युटर्पी' होतं. सुरुवातीच्या फेऱ्या कलकत्त्याच्या. १८६५ साली बंगालच्या उपसागरात चक्रीवादळात सापडलं, डोलकाठ्या तोडून समुद्रात टाकाव्या लागल्या, तरी तरलं. पुढे न्यूझीलंडला स्थलांतरितांना नेताना त्याने पृथ्वीला एकवीस प्रदक्षिणा घातल्या, मग अलास्काच्या सामन माशांच्या धंद्यात गेलं आणि १९०६ साली आजचं नाव मिळालं. १९२७ मध्ये सॅन डिएगोला ओढून आणलं आणि तिथे, शांत बंदरात, त्याची खरी दुर्दशा झाली. आधी मंदी, मग युद्ध, पैसा कुणाकडेच नाही. तीस वर्षं ते नुसतं उभं राहिलं. चक्रीवादळाला जे जमलं नाही ते या उभं राहण्याने जवळजवळ करून दाखवलं. १९५७ नंतर लोक जागे झाले आणि ४ जुलै १९७६ रोजी जहाज पुन्हा शिडांवर समुद्रात गेलं. आजही अधूनमधून जातं, अलीकडे २०१८ आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गेलं. दोर ओढणारे आणि वर चढणारे बहुतेक हात स्वयंसेवकांचे असतात.

कोकणात पाऊस सुरू होण्याआधी घर शाकारतात, तसंच हे काम आहे. फरक इतकाच की इथे शाकारणी वर्षभर चालते आणि घर हलतं. सॅन डिएगो, न्यूयॉर्क, लंडन किंवा आणखी कुठे राहत असाल आणि अशा एखाद्या जहाजावर शनिवार-रविवार द्यायचा विचार असेल, तर पुढचं वाचा. मी जहाजाच्या वरपासून खालपर्यंत जातो, कारण पाणीही तसंच जातं.

नाव नोंदवण्याआधी

सुतारकाम यावं लागतं, पोहता यावं लागतं, तरुण असावं लागतं, अशा समजुती सोडा. बहुतेक ठिकाणी अट असते ती प्रौढ असण्याची, एका ओळख-सत्राला बसण्याची आणि नियमित येण्याची. यातली तिसरी अट सर्वांत अवघड. एकदाच दहा तास राबून गायब होणाऱ्या माणसापेक्षा दर पंधरवड्याला चार तास येणारा माणूस जहाजाला हवा असतो. अर्धवट खरवडलेला वासा तुमची वाट पाहत भिजत राहतो.

कपडे असे घाला की टाकून देताना जीव हळहळणार नाही. डांबर निघत नाही, आईने सांगितलेले सगळे उपाय केले तरी. बंद बूट, पातळ पण न सरकणाऱ्या तळव्याचे. अंगठी, मंगळसूत्र, कडं घरी ठेवा. दोरात अडकलेल्या अंगठीने बोट गेलेले खलाशी जुन्या काळी कमी नव्हते. चष्म्याला दोरी. खिशात काही नको, मोबाइलही नको. टोपी आणि पाण्याची बाटली मात्र हवी.

पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला पितळ घासायला किंवा झाडायला देतील. राग मानू नका. झाडणाऱ्यालाच आधी कळतं कुठे लाकडाचा भुसा पडतोय आणि कुठे गंजाची खपली.

दोर ओळखणं

तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर ओढायचे दोर शंभराच्या वर असतात आणि बहुतेक सगळे सारख्याच रंगाचे. घाबरण्यासारखं वाटतं, पण त्यांची मांडणी तर्काची आहे. एका डोलकाठीचे दोर त्याच डोलकाठीच्या आसपास उतरतात, डावीकडे जे असतं तेच उजवीकडे, आणि खालच्या शिडाचे दोर पुढे तर वरच्या शिडांचे क्रमाने मागे. पाठ करू नका. एक दोर निवडा, खुंटीपासून नजरेने वर जा, कप्पीतून वळतो तिथे थांबा, शेवटी तो कोणत्या शिडाच्या कोणत्या कोपऱ्याला जातो ते बघा. रोज पाच दोर. महिन्याभरात काळोखातही हात बरोबर खुंटीवर जातो.

दोर खुंटीला अडकवताना आधी खालून एक वेढा, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे तीन-चार वेढे. शेवटी गाठ मारायची नाही. इथे नवे लोक हटकून चुकतात, कारण गाठ म्हणजे सुरक्षितता असं आपल्याला वाटतं. जहाजावर सुरक्षितता म्हणजे दोर क्षणात सुटणं. उरलेला दोर गुंडाळताना खुंटीकडून मोकळ्या टोकाकडे जा, टोकाकडून खुंटीकडे नव्हे, म्हणजे पीळ टोकातून निघून जातो. उजव्या पिळाचा दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचा. गुंडाळी खुंटीवर टांगायची. डेकवर पडलेल्या दोराखाली ओल साचते आणि तिथूनच डेक आणि दोर दोन्ही कुजायला लागतात.

गाठी पाच आल्या तरी पहिलं वर्ष निघतं: बोलाइन, क्लोव्ह हिच, रोलिंग हिच, रीफ नॉट आणि फिगर-एट.

वर चढणं

हे ऐच्छिक असतं. वीस वर्षं काम करून एकदाही वर न गेलेले स्वयंसेवक मिळतात आणि त्यांना कुणी कमी लेखत नाही, लेखूही नये. 'स्टार ऑफ इंडिया'ची मोठी डोलकाठी डेकपासून साधारण ३९ मीटर आहे, म्हणजे बारा-तेरा मजले. आधी प्रशिक्षण, मग कुणाच्या तरी सोबत, मग एकट्याने.

हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षेचा पट्टा, स्वतः तपासा आणि दुसऱ्याकडूनही तपासून घ्या. वाऱ्याच्या बाजूने चढा, म्हणजे वारा तुम्हाला दोरांवर दाबून धरतो. दुसऱ्या बाजूने चढलात तर ढकलून काढतो. हात नेहमी उभ्या जाड तारांवर, ज्यांना श्राउड म्हणतात. आडव्या बारीक पायऱ्यांवर फक्त पाय. ती पायरी म्हणजे दोन गाठींवर बांधलेला दोर, तो कधीतरी तुटणारच. उभी तार तुटत नाही. पहिल्या माच्याजवळ दोर बाहेरच्या बाजूला झुकतात आणि तेवढ्या टप्प्यात पाठ खाली, तोंड आभाळाकडे अशी अवस्था येते. तिथे थांबून विचार करू नका. विचार खालीच करून या.

आडव्या वाशावर, कोकणात ज्याला परबाण म्हणतात त्यावर जाताना पायाखाली एक सैल दोर असतो. तुम्ही त्यावर पाय ठेवला की आधीपासून उभ्या असलेल्या माणसाचा दोर वर उचलला जातो. म्हणून पाय टाकण्याआधी 'लेइंग ऑन' असं मोठ्याने सांगायचं आणि त्याचं उत्तर आल्यावरच पाऊल टाकायचं. वर नेलेलं प्रत्येक हत्यार दोरीने स्वतःला बांधलेलं. तीस मीटरवरून निसटलेला पाना खाली फिरणाऱ्या पर्यटकाला लागला, तर पुढचं सांगायला नको.

तारेला अंगरखा

मला सर्वांत आवडणारं काम हे आणि म्हणून यावर थोडं जास्त लिहितो.

डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा पोलादी असल्या तरी उघड्या ठेवत नाहीत. जिथे त्या वळतात, घासतात किंवा पाणी धरतात, तिथे त्यांना तीन थरांचा अंगरखा घालतात. पहिला थर: तारेच्या पिळांमधल्या खाचांत बारीक दोरी बसवायची, पिळाच्याच दिशेने, म्हणजे पृष्ठभाग गोल होतो आणि पाण्याला वाहायला पन्हळ उरत नाही. दुसरा थर: डांबर लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, त्याही पिळाच्या दिशेने, पण खालच्या टोकाकडून वर गुंडाळत. का, ते कौलं चढवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वरचा वेढा खालच्यावर चढला पाहिजे, म्हणजे पाणी घरंगळून जातं. हे उलटं केलंत तर प्रत्येक वेढा पाण्याची वाटी होतो. तिसरा थर: डांबरात भिजवलेली सुतळी, उलट्या पिळाने, वेढ्याला वेढा चिकटवून, शक्य तितकी घट्ट.

तिसऱ्या थरासाठी खाचेची लाकडी मोगरी वापरतात. हाताने गुंडाळून तो ताण येत नाही. मोगरीच्या दांड्याला सुतळीचे दोन-तीन वेढे दिले की घर्षणाने येतो. कामाला माणसं दोन. एकाने मोगरी फिरवायची, दुसऱ्याने सुतळीचा गुंडा त्याच गतीने तारेभोवती फिरवत न्यायचा. बोलायला निवांत वेळ मिळतो. ओळखी इथेच होतात.

अंगरख्यावर डांबर. हे रस्त्याचं डांबर नव्हे, कोळशाचंही नव्हे. पाइन वृक्षाच्या खोडामुळांपासून काढलेलं, धुराच्या वासाचं, मधासारखं घट्ट. त्यात उकळलेलं जवसाचं तेल, थोडं टर्पेंटाइन आणि लवकर वाळण्यासाठी ड्रायर घालतात. प्रमाण प्रत्येक जहाजाचा बोसन, म्हणजे आपल्याकडचा सारंग, ठरवतो. त्याच्याशी वाद घालू नका. कोरड्या, उबदार दिवशी वरून खाली येत लावायचं, पातळ. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पुढे वर्षभर लोकांच्या कपड्यांना लागत राहतो. सुरुवात करण्याआधी खालचा डेक आणि वार्निश केलेलं सगळं लाकूड झाका.

आणि चिंध्या. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती वाळताना स्वतःच तापते आणि काडी न लावता पेटू शकते. चिंध्या सुट्या पसरून वाळवा किंवा झाकण असलेल्या, पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. या एका बाबतीत कुणी हयगय केली तर मी वय आणि नातं न बघता ओरडतो.

लाकूड

लाकूड समुद्राच्या पाण्याने सहसा कुजत नाही, पावसाच्या पाण्याने कुजतं. कुजवणारी बुरशी खारटपणात नीट वाढत नाही, आणि लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांखाली ठेवला तर तिला जगताच येत नाही. तेव्हा गोडं पाणी कुठे थांबतं तेवढं शोधा: वाशाची टोकं, दोन फळ्यांचा सांधा, लोखंडी पट्टीच्या खालची बाजू, जुन्या स्क्रूचं भोक.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. लहान हातोडीने ठोकत जा. चांगलं लाकूड टणक आवाज देतं, कुजकं भद्द वाजतं. शंका आली तिथे आरी टोचून बघा. दाब न देता आत गेली तर खडूने खूण करा आणि सुताराला बोलवा. स्वतः खोदू नका. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत काढून, त्याच जातीच्या लाकडाचं, रेषा जुळवून थिगळ बसवतात. ते शिकायला वर्ष-दोन वर्षं जातात.

वार्निश मात्र पहिल्या महिन्यापासून जमतं. आधी खरवडणं, मग पॉलिश पेपर रेषेच्या दिशेने. पहिला हात टर्पेंटाइनने निम्मा पातळ केलेला, म्हणजे तो आत मुरतो. पुढचे हात हळूहळू दाट, मध्ये प्रत्येक वेळी २२० नंबरचा कागद आणि धूळ पुसणं. सहा ते आठ हात झाले की खरं कवच तयार होतं. दोन हातांवर भागवणारा पुढच्या वर्षी पहिल्यापासून खरवडतो. भर उन्हात लावलं तर फोड येतात. मी एकदा संध्याकाळी पाच वाजता, काम संपवायच्या हट्टाने शेवटचा हात लावला. रात्री दव पडलं आणि सकाळी सगळा कठडा ताकासारखा पांढरट. तीन शनिवार त्यात गेले.

सागवान हा वेगळा विषय. त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे बुरशीला थारा मिळत नाही. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका आजही तरंगते आहे. ती १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानातून बांधून पाण्यात सोडली गेली. तिकडे जाणं झालं तर आवर्जून बघा.

डेक

डेक रोज समुद्राच्या पाण्याने धुवायचा, सकाळी ऊन चढण्याआधी. यात दोन फायदे. मीठ लाकडात मुरून बुरशीला रोखतं आणि फळ्या थोड्या ओल्या राहून फुगलेल्या राहतात, सांधे बंद राहतात. सॅन डिएगोला वर्षभरात जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातला माणूस हसेल. पण तिथे ऊन असं की फळ्या आक्रसतात, फटी उघडतात आणि डिसेंबरातला एकच पाऊस थेट खाली उतरतो. ब्रश फळीच्या रेषांना आडवा चालवा. रेषेच्या दिशेने घासलं तर मऊ भाग निघून खाचा पडतात. डेकच्या कडेच्या लोखंडाला मात्र मीठ चालत नाही, ते वेगळं गोड्या पाण्याने विसळून पुसायचं. लाकडाला एक न्याय आणि लोखंडाला दुसरा, असं आहे खरं.

फट उघडलीच तर जुना माल आकड्याने पूर्ण उकरून काढा. आत आधी सुती धागा, त्यावर डांबरात मुरवलेला वाख, बोथट पटाशी आणि मोगरीने ठासत न्यायचा. कान उघडे ठेवा: वाख बसला की मोगरीचा आवाज बदलतो, घट्ट आणि खणखणीत होतो. तिथे थांबा. जोर आला म्हणून ठोकत राहिलात तर फळ्या एकमेकींपासून सरकतात आणि शेजारची फट उघडते. वरून गरम राळ-डांबर ओतायचं, तेही फट कोरडी असतानाच.

लोखंड

इथे हौस आवरा. गंज दिसला की हातोडी घेऊन तुटून पडावंसं वाटतं. १८६३ चा पत्रा आजच्या पोलादाचा नाही, घडीव लोखंडाचा आहे. त्यात धातुमळीचे तंतू असतात आणि तो खारी बिस्किटासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो. पापुद्रा कुठवर काढायचा आणि कुठे थांबायचं हे जाणत्याला विचारा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून आधी चाचणी. शिसं निघालं तर कोरडं घासणं बंद, पुढचं काम प्रशिक्षित माणसाचं. एरवीही मास्क, चष्मा, कानात बोळे. खरवडून झाल्यावर कडा घासून उतरत्या करा, गोड्या पाण्याने मीठ धुवा, पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. रात्रभर उघडं ठेवलेलं लोखंड सकाळी पुन्हा तांबूस होतं. कडा आणि रिबिटांच्या डोक्यांवर आधी ब्रशने एक वेगळा हात द्या, कारण रंग तिथूनच पातळ होतो.

तळात पाणी साचलेलं दिसलं तर पहिला प्रश्न: खारं की गोडं? खारं असेल तर कवचात कुठेतरी भोक आहे, ताबडतोब कळवा. गोडं असेल तर ते वरून आलंय, म्हणजे आपल्याच शाकारणीत फट राहिली आहे. चव घेऊन बघायची जुनी पद्धत आहे. त्या पाण्यात तेल, गंज आणि काय काय असतं ते पाहता क्षारता मोजायचं साधं उपकरण वापरा.

शिडं आणि वही

शिडं बांधून ठेवताना एकच नियम: आधी कोरडी. ओलं शीड गुंडाळलं की आठवड्यात बुरशीचे ठिपके येतात. गुंडाळीची वरची घडी ताठ आणि गुळगुळीत, म्हणजे पाऊस घरंगळेल. शिवणकामाला तिधारी सुई, मेण लावलेला दोरा आणि तळहातावर घालायचा चामड्याचा पट्टा लागतो. त्या पट्ट्यातल्या धातूच्या चकतीने सुई ढकलायची. बसून करण्याचं काम आहे, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे आधी मागून घ्यावं.

काम संपलं की वही. कुठे, काय, कोणता रंग, कितवा हात, हवा कशी होती, आधीचा आणि नंतरचा फोटो. काढलेला लाकडाचा तुकडा किंवा खिळा फेकायचा नाही, चिठ्ठी लावून कार्यालयात द्यायचा. ते जहाज आहे तसा संग्रहालयातला ऐवजही आहे. याच कारणाने 'मी यापेक्षा चांगलं करून दाखवतो' ही ऊर्मी आवरावी लागते. जुन्या पद्धतीची गाठ गैरसोयीची असली तरी तीच मारायची.

जहाज समुद्रात न्यायचं ठरलं तर त्याआधी अनेक महिने सराव असतो आणि निवड होताना वर्षभरात किती तास काम केलं ते बघतात. त्या दिवसासाठीच नाव नोंदवणारे असतात. ते बहुधा पितळ घासण्याच्या टप्प्यावर गळतात.

पहिला पाऊस

हंगामातला पहिला पाऊस पडेल त्या दिवशी सुट्टी असली तरी जहाजावर जा. टॉर्च, खडू, जुनी फडकी घ्या आणि डेकखाली उतरा. जिथे थेंब पडतो तिथे खाली घमेलं ठेवा आणि वर खडूने तारीख लिहा. पण लक्षात घ्या, थेंब पडतो तिथे फट नसते. पाणी तुळईच्या पोटाने दोन-तीन मीटर सरकत येतं, म्हणून टॉर्च तुळईच्या समांतर धरा, म्हणजे ओली रेघ चमकते. तिचा माग काढत चढाच्या बाजूला जा. रेघ जिथे सुरू होते तिथे दुसरी खूण, दुसऱ्या रंगाच्या खडूने. पाऊस थांबायच्या आत जमतील तेवढ्या खुणा करा. एकदा वाळलं की काही दिसत नाही.

परत वर आल्यावर त्या खुणा नकाशावर उतरवून वहीत लावा. पुढच्या शनिवारी मोगरी कुठे चालवायची ते त्यावरून ठरेल.